शेजारची सीट

आमच्याकडे गाडी मी चालवते आणि हे शेजारी बसतात, असं सांगितलं की लोक गालात हसायचे. बाईने नवऱ्याला बरोबर बाजूला बसवलंय, असं त्यांना वाटायचं. वाटू दे. खरं म्हणजे गाडी आम्ही दोघं मिळून चालवायचो. रस्ता माझा, आणि आतलं सगळं यांचं.

यांचा सगळा जन्म बेकरीची व्हॅन चालवण्यात गेला. पहाटे गरम पाव घेऊन निघायचं आणि गाव जागं व्हायच्या आत दुकानं गाठायची. साखरेने आधी यांचे डोळे अधू केले, मग मूत्रपिंडं नेली. डोळ्यांत थोडा उजेड शिल्लक होता तेव्हाच यांनी मला गाडी शिकवायला घेतली. माझे केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे. मी म्हटलं, "या वयात हे काय खूळ?" तर म्हणाले, "दिवसाआड दवाखान्यात कोण नेणार मला? तुझा भाऊ?" माझा भाऊ स्वतःच्या पायांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जाईना. तेव्हा शिकावंच लागलं.

शिकवायची यांची तऱ्हा न्यारी. आधी किती दिवस गाडी अंगणातून हललीच नाही. मी डोळे मिटून बसायचं आणि हे ओरडायचे, "दिवे! पंखा! मागची काच!" तो तो खटका न बघता सापडला पाहिजे. "डोळे रस्त्याचे, हात गाडीचे," हे म्हणायचे. "एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही." मी गिअर शिकले, ब्रेक शिकले, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकले. पण डोळे मिटले की माझी बोटं वाट चुकायची ती चुकायचीच. शेवटी हेच वैतागले. "तू रस्ता बघ. बाकीचं माझ्यावर सोड."

तशी आमची वाटणी झाली. पुढे यांचे डोळे पूर्ण गेले, तरी वाटणी तीच राहिली. दवाखान्याचा रस्ता नदीच्या कडेने खाली उतरतो. तिथे हवा इतकी ओली की वळण घेतलं की पुढच्या काचेवर वाफ धरलीच म्हणून समजा. मी म्हणायचे, "अहो, काच." यांचा हात उठायचा आणि थेट त्या गोल बटणावर जायचा. बटण फिरायचं, टक्, टक्, वारा सुटायचा, काच खालून वर मोकळी होत जायची. मग हे विचारायचे, "दिसतंय?"

"दिसतंय."

घरात हे कपाटाला धडकायचे, चहाचा कप चाचपडायचे, मोज्यांच्या जोड्या चुकवायचे आणि माझ्यावर चिडायचे. गाडीत बसले की तोच माणूस पूर्वीसारखा ताठ व्हायचा. म्हणून दवाखान्याच्या दिवशी मी मनातून खूश असायचे. कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

मग आमच्या मुलाने नवी गाडी पाठवली. तो दूरच्या शहरात असतो, कामात बुडालेला, आणि जीव मात्र सगळा इकडे. जुनी गाडी वाटेत बंद पडेल म्हणून त्याला झोप लागत नव्हती. "आई, हिच्यात सगळी सुरक्षा आहे," तो फोनवर म्हणाला. "समोर कुणी आलं तर स्वतः ब्रेक मारते." मी म्हटलं, "मग मला कशाला घेतलंय? ती एकटीच नेईल तुझ्या बाबांना." तो हसला. जुनी गाडी घेऊन जायला माणसं आली, तेव्हा हे दारात उभे राहून तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकत होते.

नव्या गाडीत मधोमध एक भलीमोठी स्क्रीन. आमचा घरातला टीव्ही तिच्यापुढे लहान. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं. हे शेजारी बसले, पट्टा लावला आणि सवयीने हात पुढे केला. हाताला गुळगुळीत काच लागली. हात वर गेला, काच. खाली आला, काच. मधेच गाणं सुरू झालं, मग कुठलासा नकाशा बोलायला लागला.

"बटणं कुठायत?"

"नाहीत हो. सगळं या काचेवर उमटतं. बघून बोट लावायचं."

"बघून," हे म्हणाले आणि हात परत मांडीवर घेतला.

मुलगा म्हणाला, बोलून सांगा, गाडी ऐकते. यांनी घसा साफ करून हुकूम सोडला, "पुढची काच गरम कर." गाडी गोड आवाजात म्हणाली की आपलं म्हणणं समजलं नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा यांनी तिला जे सुनावलं ते तिला समजलं नाही हे बरंच झालं. त्या दिवशी नदीच्या वळणावर मी गाडी कडेला घेतली, थांबवली, चष्मा चढवला आणि स्क्रीनवर काचेचं चित्र शोधत बसले. मागून हॉर्नवर हॉर्न. सोपं चित्र होतं म्हणा, पण उभ्या गाडीत सोपं. चालत्या गाडीत मला तेवढा वेळ रस्त्यावरून नजर काढायची छाती नव्हती.

पण माणूस हार मानणारा नव्हे. डायलिसिस झालं की दंडावर सुयांच्या जागी चिकटपट्ट्या लावून देतात. एकदा घरी आल्यावर यांनी त्यातली एक अलगद सोलली आणि म्हणाले, "चल, गाडीत बसू."

अंगणात उभ्या गाडीत आमची शाळा भरली. या खेपेला शिकवणारी मी. मी बघून सांगायचे आणि हे स्क्रीनच्या खालच्या कडेवर पट्टीचे तुकडे लावायचे. पंख्याखाली एक तुकडा. पुढच्या काचेच्या चित्राखाली एकावर एक असे दोन, म्हणजे बोटाला जाड लागतात. तिथून अंगठ्याएवढं वर गेलं की चित्र. मग मी ओरडायचे, "पंखा! काच! पंखा!" आणि हे चुकले की मी यांच्याच आवाजात रागवायचे. शेजारीण कुंपणावरून बघत होती. म्हातारा-म्हातारीचं डोकं फिरलं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. आम्ही हसून हसून बेजार. किती दिवसांनी हे पोटभर हसले होते.

आणि जमलं. वळण आलं, मी म्हटलं, "अहो, काच." बोटं कडेवरून सरकली, जाड पट्टीवर थांबली, अंगठ्याएवढी वर गेली. वारा सुटला.

"दिसतंय?"

"दिसतंय," मी म्हटलं, आणि खरं सांगते, तेव्हा वाफ काचेवर नव्हती, माझ्या डोळ्यांत होती.

तो सगळा हिवाळा आम्ही तसा काढला. दवाखान्यातली नर्स यांना दोन पट्ट्या जास्तीच्या द्यायला लागली. "गाडीला जखम झालीय ना," ती म्हणायची.

हिवाळा सरता सरता एका सकाळी गाडी सुरू केली तर स्क्रीनवर रंग वेगळे दिसले. निळ्याचं करडं झालं होतं. मला वाटलं, असेल काहीतरी, आजकाल वस्तू आपले आपणच रंग बदलतात. अवकाळी पाऊस पडत होता, उशीर झाला होता, यांना थंडी वाजत होती. आम्ही निघालो.

वळण आलं. काच अशी भरली की झाडं गेली, कठडा गेला, रस्ताही अर्धा गेला. "अहो, काच." यांची बोटं जाड पट्टीवर थांबली, वर गेली. गाडीत कानठळ्या बसवणारं गाणं लागलं. यांनी पुन्हा तिथेच बोट टेकवलं. गाणं आणखी वाढलं. "मी बरोबर लावलं! बरोबर लावलं!" हे गाण्यावरून ओरडत होते. मी खाली बघितलं. काचेचं चित्र त्या जागी नव्हतंच. सगळी चित्रं हललेली. मी ते शोधलं, स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला, इवलंसं. ते सापडलं म्हणून मला हायसं वाटलं, इतका वेळ मी खाली बघत होते.

वर बघितलं तर समोर नारिंगी कोट.

ब्रेक माझ्या आधी गाडीनेच मारला. तरी धक्का बसलाच. रस्ता झाडणारा माणूस होता. तो आडवा झाला आणि त्याचा झाडू चाकाखाली मोडला. मी दार उघडून धावले. गुडघा फुटला होता, हात खरचटला होता, एवढंच. एवढंच म्हणायला मला लाज वाटते. तो उठून बसला आणि मला शिव्या देऊ लागला. मी खाली मान घालून ऐकल्या, त्याचा हक्कच होता. मग त्याने उघड्या दारातून आत बघितलं. गाणं अजून चालूच होतं आणि हे, काळा चष्मा लावलेले, एका बोटाने स्क्रीनवर ते बंद करायची जागा शोधत होते.

"आंधळ्याच्या हातात गाडी देता?" तो म्हणाला.

ते यांनी ऐकलं. बोट जागच्या जागी थांबलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. गाडीत सुधारणा आली होती, नवी मांडणी, जास्त सोपी. त्याच्या फोनवर विचारणा झाली होती आणि त्याने आमच्या भल्यासाठीच हो म्हटलं होतं. रात्री गाडी अंगणात उभी असताना आपसूक सगळं बदललं. "पण आई, बघ ना, ब्रेक तिनेच मारला. तिनेच वाचवलं त्याला." मी म्हटलं, "हो रे. ढकललंही तिनेच आणि धरलंही तिनेच." पोराचा काय दोष? पण त्या क्षणी मला कुणाचा तरी दोष हवा होता. पुढच्या सुट्टीत तो आला आणि त्याने स्क्रीनमध्ये आत आत जाऊन काहीतरी लावून दिलं. आता काचेवर वाफ धरायला लागली की वारा आपोआप सुटतो. कुणाला सांगावं लागत नाही.

त्या अपघातानंतर दवाखान्याच्या पहिल्या दिवशी मी पुढचं दार उघडून धरलं. हे गाडीला हात लावत लावत मागे गेले आणि मागच्या सीटवर बसले.

"अहो, पुढे या ना."

"पुढे बसून काय करू गं?"

सोबत म्हणून या, असं म्हणायला हवं होतं. पण सोबत तर मागूनही होते. यांना हवं होतं ते काम, आणि ते माझ्याकडे द्यायला उरलं नव्हतं. मी पुढचं दार लावून घेतलं.

आता तसंच चालतं. वळण येतं, काच भरते, वारा सुटतो, काच मोकळी होते. मागून कुणी काही विचारत नाही. मी एकदा आपणहून म्हटलं, "दिसतंय हो." हे म्हणाले, "बरं." पट्टीचे तुकडे अजून कडेवर आहेत. काळे पडलेत. मुलगा काढायला निघाला होता, मी त्याच्या हातावर चापट मारली.

पुढची सीट रिकामी बघवत नाही म्हणून मी तिथे यांची दवाखान्याची पिशवी ठेवते. तिच्यात पांघरूण, स्वेटर, थर्मास. पिशवी जड असते. पहिल्यांदा ठेवली तेव्हा गाडी टिंग टिंग करून बोंबलायलाच लागली. स्क्रीनवर लाल चित्र आलं, शेजारी बसलेल्या माणसाने पट्टा लावलेला नाही म्हणून.

"काय वाजतंय?" यांनी मागून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि पिशवीला पट्टा बांधला.