साडेसहाची आखूड नळी

मे महिन्यात आमच्या शिकारी टोळीची बैठक झाली आणि माझ्या मुलानं सगळ्यांसमोर माझ्या हातात सूप ढवळायचा डाव दिला. खरा डाव नव्हे. पण बोलला तो त्याच अर्थाचं.

"आई, यंदा तीराला हेनिंगकडे देऊ या," पेर-ओला म्हणाला. "तू झोपडीवर थांब. तुझ्या हातचं वाटाण्याचं सूप असलं की माणसं दिवसभर टिकतात."

पेर-ओला टोळीचा म्होरक्या आहे. सीक्स्तेन, माझा नवरा, गेला तेव्हापासून तोच कोण कुठे बसणार ते ठरवतो. हेनिंग माझ्या दिराचा मुलगा. माणूस वाईट नाही, पण त्याचं पोट त्याच्या आधी जंगलात शिरतं. आणि तीरा माझी करडी कुत्री. मूस, म्हणजे घोड्याएवढं मोठं हरीण, शोधायचा, त्याला अडवून धरायचं, आणि मी पोचेपर्यंत भुंकत राहायचं, हे काम ती माझ्याबरोबर शिकली. पाच वर्षं त्या जंगलात आम्ही दोघीच हिंडतो. बाकीचे ठरल्या जागी स्टुलावर बसतात आणि कॉफी पितात.

"सूप कुणीही करू शकतं," मी म्हटलं. "पाणी उकळायला परीक्षा लागत नाही."

"आई, मागच्या वर्षीचं विसरलीस का?"

विसरले नव्हते. तीरानं काळ्या ओढ्याच्या घळीत नर धरला होता, सव्वा तास धरून ठेवला होता, आणि मी पोचले तेव्हा तो नुकताच पलीकडे उतरून गेलेला. सीक्स्तेनची जुनी थर्टी-ओ-सिक्स बंदूक दुर्बिणीसकट पावणेपाच किलो भरते. नळी इतकी लांब की दर दुसऱ्या झाडाला अडकते. दोन हिवाळ्यांपूर्वी गोठ्यासमोर बर्फावर पडून माझं गळपट्टीचं हाड मोडलं, त्या खांद्यावर ती बंदूक घेऊन मी घळीत उतरले, म्हणून उशीर झाला. खरं ते खरं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पण पाय माझे आहेत, ते थकले नव्हते. बंदूक थकवत होती.

"मग मी हलकी बंदूक घेते," मी म्हटलं. "आखूड नळीची."

"हलकी बंदूक घेतलीस म्हणजे नेम लागतो असं नाही," हेनिंग म्हणाला.

"तुला अनुभव आहे, तू सांग."

माणसं हसली. पेर-ओला हसला नाही. त्यानं अट घातली. ऑगस्टमध्ये नेमबाजीच्या दिवशी, रुळावर पळणाऱ्या मूसच्या चित्रावर, तीन फेऱ्या. फेरीत चार गोळ्या, काही उभ्या चित्रावर, काही पळत्या. बाराच्या बारा मर्मावर. एक जरी बाहेर गेली तर तीरा हेनिंगकडे आणि मी झोपडीवर.

"हा नियम एकट्या आईला की सगळ्यांना?" मी विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघत होते.

"सगळ्यांना," तो म्हणाला. "ज्याला जमणार नाही, त्यानं पहिला आठवडा बंदूक खांद्यावर घ्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी हेल्गेकडे गेले. बंदुकांचं काम आमच्या बाजूला तोच करतो. सात वर्षं शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. त्यापुढे शाळा ना त्याला मिळाली ना मला. तो बापाच्या भात्यावर गेला आणि मी दूध काढायला.

त्यानं जी बंदूक काढली ती हातात घेतल्याबरोबर मला आवडली. दुर्बीण धरून तीन किलोच्या आसपास. नळी माझ्या हाताहून आखूड, आणि पुढे सायलेन्सर लावला तरी एकूण लांबी सीक्स्तेनच्या बंदुकीहून कमीच.

"ही वेगवेगळ्या बोअरमध्ये मिळते," हेल्गे म्हणाला. "भोकाचं माप कुठलं हवं?"

"पेर-ओला म्हणतो तीनशे मॅग्नम घे. हेनिंग म्हणतो नऊ-तीन घे, अस्वल आडवं आलं तर बरी."

"हेनिंगला अस्वल आडवं आलं तर अस्वलालाच वळसा घालावा लागेल." हेल्गेनं चष्मा पुसला. "हे बघ, मॅग्नमच्या काडतुसात दारू भरपूर असते. ती जळायला लांब नळी लागते. एवढ्याशा नळीत निम्मी जळायच्या आत गोळी बाहेर पडते आणि उरलेली तोंडाशी पेटते. बुटक्या चुलीत ओंडका कोंबल्यासारखं. जाळ भरपूर, भांडं थंड. आणि तीन किलोच्या बंदुकीतून ती लाथ तुझ्या खांद्याला."

"आणि नऊ-तीन?"

"त्याला आखूड नळी चालते. जोर नळीच्या लांबीवर नाही, गोळीच्या वजनावर आहे. पण लाथ तीच. तुझ्यासाठी माझ्या मतानं साडेसहा मिलिमीटर."

"नको," मी म्हटलं. "साडेसहा बायकांची बंदूक आहे."

"मग तू कोण?"

"मी इंगेगर्ड."

त्यानं पुढे वाद घातला नाही. साडेसहाला बायकांची बंदूक म्हणायची सवय आमच्या झोपडीत मीच लावली आहे, हे त्याला माहीत आहे. हेनिंगच्या बायकोनं ती घेतली तेव्हा मी दोन मोसम तिला सुखानं बसू दिलं नव्हतं.

"तीनशेआठ काढ," मी म्हटलं. "मधली आहे. कुणी बोट ठेवणार नाही."

दुकानामागे त्याची नेम लावायची जागा आहे, उताराला लागून. मी पाच गोळ्या झाडल्या. तीन बऱ्या लागल्या, दोन खाली उजवीकडे.

"दुर्बीण ढिली आहे," मी म्हटलं.

हेल्गेनं हात पुढे केला. बंदूक घेतली, पाठ केली, भरली आणि परत दिली. मी दस्ता खांद्याला लावला, श्वास सोडला, चाप ओढला. नुसतं टक झालं. बार उडालाच नाही, आणि तरीही नळीनं चांगलं वीतभर नाक खाली घातलं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत. धक्का आला नव्हता, आवाज नव्हता, आणि माझा खांदा आधीच मागे पळाला होता, मार खाऊन खाऊन हात उगारला की दबणाऱ्या कुत्र्यासारखा.

मी बोल्ट ओढला. आत खोटं काडतूस होतं, दारू नसलेलं.

हेल्गे उतारावरच्या बर्चच्या झाडांकडे बघत होता. शाळेत मी गणितात चुकले की असाच खिडकीबाहेर बघायचा.

"पुन्हा भर," मी म्हटलं.

त्यानं दहा वेळा भरली. कुठलं खरं, कुठलं खोटं, मला दाखवलं नाही. चार वेळा नाक खाली गेलं. पुढच्या वेळी मी दात खाऊन धरली तरी गेलं. साठ वर्षं मी शिकार करते आहे. माणसं चाप ओढताना डोळे मिटतात हे मी टोळीतल्या अर्ध्या लोकांना तोंडावर सांगितलेलं आहे. आता मला सांगायला कुणी नव्हतं, फक्त ती नळी.

"जुन्या बंदुकीत असं होत नव्हतं," मी म्हटलं.

"ती स्वतःच्या वजनानं धक्का गिळत होती. वजन तू कमी केलंस, मग धक्का कोण गिळणार?"

"मी."

"तुझं हाड गिळत नाही म्हणतंय."

मी थोडा वेळ लाकडी बाकावर बसले. त्यानं कॉफी ओतली. पेर-ओलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला, हेनिंगच्या हातात तीराचा पट्टा आला. लोकांनी हसू नये म्हणून मोठा बोअर घ्यायचा, आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांसमोर जमिनीत गोळ्या पेरायच्या. इतकी मूर्ख मी नव्हते.

"साडेसहा काढ," मी म्हटलं. "आणि हसलास तर कॉफी तुझ्या टोपीत ओतीन."

तो हसला नाही. साडेसहानं मला फक्त ढकललं, जुना शेजारी बाकावर सरकायला सांगतो तसं. दहांत एकदाच नळी हलली, तीही पहिल्या खेपेला.

पण आणखी एक गोष्ट ठरायची होती. हेल्गेनं वेग मोजायचं यंत्र पुढे ठेवलं आणि दोन तऱ्हेच्या गोळ्या झाडून आकडे पुठ्ठ्यावर लिहिले. खोक्यावर छापलेले आकडे लांब नळीचे असतात. आखूड नळीत गोळी सावकाश जाते, जोर कमी पडतो, आणि मूससाठी किमान जोर कायद्यानं ठरलेला आहे. हे न मोजता हलकी वेगवान गोळी घेऊन फिरणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांना वाटतं आपण कायद्यात आहोत. मी जड गोळी घेतली, दहा ग्रॅमच्या थोडी वर. पुठ्ठा घडी करून कोटाच्या खिशात टाकला.

परवाना जुलैत आला. रोज संध्याकाळी गाईंचं आटपलं की मी हेल्गेकडे जायची. वीस काडतुसं, त्यात सात खोटी, मिसळून तोच भरायचा. महिनाअखेर नळी हलायची थांबली. मी तीनशेआठ परत मागून बघितली नाही. जे जमलं ते जमलं, त्याला नख लावू नये.

नेमबाजीच्या दिवशी ऊन होतं. बायका वेफल भाजत होत्या, पुरुष एकमेकांच्या बंदुका जोखत होते. पेर-ओलानं माझी बंदूक उचलली आणि नळीवरचं कोरलेलं वाचलं.

"साडेसहा? आई, तू?"

"मी."

"बायकांची बंदूक म्हणायचीस ना?" हेनिंगची बायको वेफलच्या तव्याआडून म्हणाली.

"म्हणायचे," मी म्हटलं. "चुकत होते. तव्याकडे बघ, करपतंय."

तिनं तवा बघितला, पण हसत हसत. तेवढं तिचं देणं लागत होते मी.

पेर-ओलानं फोन काढला होता. तो सगळं फोनवर काढतो. "आई, ऐक. मूसला शंभर मीटरवर सत्तावीसशे जूल लागतात. एवढ्या आखूड नळीतून साडेसहा तिथपर्यंत पोचत नाही. नियमात बसत नाही तर मी तुला उभी करू शकत नाही."

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला वाटत होतं प्रश्न सुटला, आणि कुणाला वाईटपणाही नाही.

"खालची ओळ वाच," मी म्हटलं.

"कुठली?"

"सत्तावीसशे लागतात ते नऊ ग्रॅमच्या गोळीला. दहाला पोचलास की दोन हजार पुरतात. माझी दहाच्या वर आहे." मी पुठ्ठा त्याच्या हातात दिला. "हे माझ्याच नळीतून मोजलेलं. बावीसशे. तुझी बंदूक कधी मोजलीस?"

त्यानं पुठ्ठा वाचला, मग फोन वाचला, मग परत पुठ्ठा. "नाही मोजली," तो म्हणाला.

"मग जा, आकडा माझ्या नावापुढे लिही."

मी उभी राहिले. पहिली फेरी, चारही आत. दुसरी, चारही आत. तिसऱ्या फेरीत चित्र पळायला लागलं तेव्हा मागे कुणीतरी खोकलं, आणि मला वाटलं खांदा आता पळणार. मी त्याला काही सांगितलं नाही. चित्राच्या छातीपुढे बोटभर नेम धरला आणि नळी त्याच्याबरोबर फिरू दिली. चारही वेळा चाप कधी सुटला मला कळलं नाही. तसाच तो सुटला पाहिजे. फलकाजवळच्या माणसानं हात वर केला. बारा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. पेर-ओलानं वहीत खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

पुढचं नाव हेनिंगचं होतं. त्याची नऊ-तीनही नवी, हलकी आणि आखूड. पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या गोळीला मी त्याची नळी बघत होते, चित्र नव्हे. नाक खाली गेलं. गोळी मूसच्या गुडघ्याशी.

"दुर्बीण," हेनिंग म्हणाला.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

पेर-ओला माझ्याकडे बघत होता. "एका गोळीसाठी काय..." त्यानं सुरुवात केली.

"नियम तू केलास," मी म्हटलं. "मी फक्त विचारलं होतं कुणाला आहे." मग हेनिंगला बाजूला घेतलं. "उद्या हेल्गेकडे जा. दुर्बिणीचं सांगू नकोस. इंगेगर्डला केलंस ते मला कर, एवढंच सांग. दुसऱ्या आठवड्यात तू जागेवर बसशील. पहिल्या आठवड्यात सुपात मीठ बेतानं टाक."

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सहा वाजता मी तीराचा पट्टा सोडला. आठच्या सुमारास ती वरच्या दलदलीपलीकडे भुंकायला लागली, एका जागी, न थांबता. म्हणजे मूस उभा होता. मी वारा तोंडावर घेतला आणि विलोच्या दाट झुडपातून निघाले. बंदूक पाठीवर होती की नाही हे मधूनमधून हात लावून बघावं लागत होतं. नळी एकदाही कशाला अडकली नाही. वीस मिनिटांत मी पोचले.

चाळीस पावलांवर नर उभा होता, शिंगं खाली करून तीराकडे बघत. ती त्याच्या नाकाखाली नाचत होती. मी एका फांदीवर हात टेकवला आणि ती त्याच्या पुढ्यातून बाजूला होईपर्यंत थांबले. ती झाली. सायलेन्सरमुळे आवाज दाबलेला आला. नर पंधरा पावलं चालला, थांबला, आणि मागच्या बाजूनं खाली बसला. मग आडवा झाला.

मी बंदूक रिकामी केली, तीराला पाणी दिलं आणि रेडिओ उचलला.

"पडला," मी म्हटलं. "वरच्या दलदलीपलीकडे. नर आहे, मोठा."

खरखर आली. मग पेर-ओलाचा आवाज.

"इतक्या लवकर? बरं. आई, गाडी घेऊन येऊ का तुला न्यायला?"

"गाडी मूससाठी आण," मी म्हटलं. "आम्हाला अजून ओढ्यापलीकडचं बघायचंय."