समजूत घालायला बोलावलेला

"त्याच्याशी जरा हसून बोल," ओसरीच्या पायऱ्या चढणाऱ्या देवानंदला काकासाहेबांनी बजावलं. "तू कसा मजेत राह्यतो ते सांग. तुम्हा लोकायला सवय असती."

'तुम्हा लोकायला' म्हणजे लंगड्यांना की बौद्धवाड्यातल्यांना, हे विचारायची देवानंदला गरज वाटली नाही. त्या डोक्यात दोन्ही एकाच कप्प्यात होते.

टेंभुर्णीत वीस वर्षं तो विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचा. एक पाय पोलिओनं गेलेला, काखेत दोन कुबड्या. काकासाहेबांच्या मोटारी त्याच्याकडेच यायच्या, पण घरात बोलावणं कधी आलं नव्हतं. आता आलं, कारण तीन महिन्यांपूर्वी अपघातात त्यांच्या भारतचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला आणि तेव्हापासून पोरगं बोलेनासं झालं. संभाजीनगरहून मनाचा डॉक्टर दर आठवड्याला गाडीनं येत होता. मागच्या दाराला आठ दिवसांत उतार बांधून झाला होता. पंचायतीच्या पायऱ्यांना उतार करा, असा अर्ज देवानंदनं सहा वर्षांपूर्वी, सरपंच असलेल्या ह्याच काकासाहेबांच्या हातात दिला, तेव्हा ते म्हणाले होते, चारच तर पायऱ्या आहेत.

डॉक्टरचा गुण येईना, म्हणून देवानंद. पोराला दाखवायला आणखी खालचा एक माणूस हवा होता, एवढीच ह्या शहाण्यांची युक्ती. काकासाहेबांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, नवऱ्याला कपबशीत चहा दिला, देवानंदला कागदी पेल्यात. त्यानं तो तसाच ठेवला.

आत भारत भिंतीकडे तोंड करून पडला होता. काकासाहेब दारातच उभे राहिले आणि पोराला म्हणाले, "ह्याला कधी रडताना पाह्यलंस का?"

बस असं कुणी म्हणालं नाही. देवानंदनं खुर्ची ओढली आणि बसला.

"मी बिलकुल मजेत न्हाई, भारतराव," तो म्हणाला. "दोन साल झाले, झोप बराबर न्हाई. विहिरीवर मोटार काढायला गेलो की पाण्याकडं पाहत बसतो. एकदा लई वेळ बसलो व्हतो."

भारतनं मान वळवली. "डॉक्टरला सांगितलं?"

"गेल्तो ना सरकारी दवाखान्यात. ताकदीच्या गोळ्या देल्या. म्हणला, तुमच्यात कुठं असले आजार असतेत."

काकासाहेब उखडले. धीर द्यायला बोलावलं आणि हा पोराला भेवडून राह्यला, ऊठ, चालता हो, असं बरंच बोलले. देवानंद त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला राग आला नाही, किळस आली.

"बाबा, तुम्ही जा," भारत म्हणाला. तीन महिन्यांत बापाशी तो पहिल्यांदाच बोलला. "ह्यांना बसू द्या."

ते दोघं तासभर बोलले. देवानंद निघाला तेव्हा काकासाहेबांनी ओसरीवर पाठ फिरवली.

देवानंदची आई गिरिजाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. तो तिच्यापाशी बसला आणि आपण तिथं काय बोललो ते त्यानं सगळं सांगितलं, विहिरीसकट. तिचे हात थांबले नाहीत.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस?"

गिरिजाबाईनं पुढची शेंग उचलली. दोन वर्षांपासून ती आपली बाज दाराला आडवी टाकून झोपायची. आत उकडतं, असं सगळ्यांना सांगायची, भर थंडीतसुद्धा. तिला उठवल्याशिवाय रात्री कुणालाच बाहेर पडता येत नसे.