सातव्या भागातला तह

साम्राज्य तलवारीवर नव्हे, दूरदृष्टीवर उभं राहतं. माझं मात्र वीस वर्षं चार शेतकरी आणि एका कुऱ्हाडीवर उभं होतं. त्या कॉम्प्युटर गेमचा पहिला भाग तेवढाच होता: लाकूड तोडा, घोडे पाळा, मेहुण्याचा किल्ला पाडा. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून आलेल्या माणसाला आणखी काय हवं?

पुढे भाग येत गेले. तिसऱ्यात व्यापार आला, पाचव्यात प्रजा रुसायला लागली. तरी मी आणि मेहुणा आपापल्या घरून लढत राहिलो आणि सहा भागांअंती गाडी एकेचाळीस-एकेचाळीसवर अडली. शेवटची लढाई सातव्या भागात, रविवारी अकरा वाजता. हरणाऱ्याने सासऱ्यांसमोर दुसऱ्याला 'थोर' म्हणायचं ठरलं.

मी पावणेअकरालाच गेम उघडला. कुऱ्हाड कुठेच नव्हती. नऊ मंत्री होते. त्यांनी विचारलं, राजाचा स्वभाव कसा? मी 'शांत' निवडलं, तर सैन्य निम्मं झालं. शेतकऱ्याला झाडाकडे पाठवलं, तर वनमंत्र्याने लेखी खुलासा मागितला. खुलासा कुठे लिहायचा ते शोधताना माझ्या हातून राजधानीच हलली.

तेवढ्यात नदीपलीकडच्या राजाचा खलिता आला: 'आपली सीमा ओलांडल्याबद्दल क्षमस्व. तह करू या का?'

मी चक्रावलो. "अगं, तुझा भाऊ माफी मागतोय!"

"माझा भाऊ?" ओले कपडे खांद्यावर टाकून बायको दारात आली. "तुमची स्कूटर खड्ड्यात घातली, तेव्हा खड्ड्यालाच शिव्या देत होता तो. अहो, चष्मा लावून वाचा."

चष्मा लावून वाचलं. क्षमस्वच होतं. सोबत दोनशे बैलही होते. ऊर भरून आला. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात, पण इतका? मी तहावर शिक्का मारला आणि वर एक बंदर देऊन टाकलं.

साडेअकराला मेहुण्याचा फोन आला.

"भावोजी, आहात कुठे? पळालात की काय?"

"अरे, तह झाला ना आपला! बैल पोचले तुझे."

"कसले बैल?"

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'सराव. पाठ पहिला: शेजाऱ्याशी बोलणी.'

सातव्या भागात अर्धा तास हजर न राहणारा खेळाडू आपोआप हरतो.