चुलीमागं एक वाटा

धुळवडीच्या पारधीचं रानडुक्कर केरबाच्या घरामागच्या परड्यात पडलं होतं आणि नवरा-बायकोचं वाजलं ते एका नारळावरून.

आमच्या वाडीची रीत अशी, की शिमग्याला जी शिकार पडेल तिचे वाटे चुलीमागे एक घालायचे. गावात जितक्या चुली पेटतात तितके वाटे, मग चूल भावाची असो की वैऱ्याची. एक चूल सुटली तर रानातली देवी कोपते आणि पुढच्या साली डुकरं भात ठेवत नाहीत. वाडीतले अण्णासो जातीनं लिंगायत, मटणाला शिवत नाहीत, तर त्यांच्या घरी वाट्याऐवजी नारळ जायचा. वाटे घालायचा मान केरबाचा, कारण वाडीतली एकुलती ठासणीची बंदूक त्याची. त्याच्या बापानं संस्थानाच्या शिकारीत हाकारे घातले होते आणि साहेब लोकांनी त्याची पाठ थोपटली होती. ते अजून आजऱ्याच्या बाजारापर्यंत लोक सांगायचे.

त्या साली, त्र्याण्णव असेल, वाडीत एक चूल वाढली होती. वनखात्याचा नवा गार्ड मृत्युंजय देवळामागच्या खोलीत राहायला आला होता. इचलकरंजीकडचा पोरगा, तोही लिंगायतच. केरबानं त्याच्यासाठी नारळ काढून ठेवला.

"त्याला कशापायी? त्यो सरकारचा माणूस. डुक्कर मारायचं न्हाय असा कायदा झालाय म्हणं," त्याची बायको तानाबाई म्हणाली.

"कायदा बदललाय, रीत न्हाय बदलली. त्याची चूल पेटती का न्हाय? मग झालं."

सरपंच जोतीराम तिथंच दोन भांडी घेऊन उभा होता. एक स्वतःचं, दुसरं वेगळ्या निघालेल्या थोरल्या पोराचं. तोही म्हणाला, रीत मोडू नये. मग केरबा स्वतः नारळ घेऊन गेला आणि गार्डला सांगून आला, की आज डुक्कर पडलंय, तुमच्या चुलीचा हा मान. शहाण्या माणसानं आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

दिवस कलायच्या आत वनखात्याची जीप आली. सगळ्या वाडीत राख घेऊन भांडी घासायला बायका बसल्या. ज्यांचं शिजलं नव्हतं त्यांनी ओढ्यात टाकलं. कातडं आणि बंदूक सापडली ती एकट्या केरबाकडं. गार्ड दारोदार फिरला, पण एकाही दारानं डुक्कर पाहिलं नव्हतं. जोतीरामनं तर सांगितलं, केरबाला आम्ही किती वेळा समजावलं, रानातली जित्राबं मारू नकोस, ऐकत नाही. हे सांगताना त्याच्या मिशीला रश्श्याचा तवंग होता.

गार्ड वाईट नव्हता. जीपमध्ये बसवताना तो केरबाला म्हणाला, "कुणीकुणी वाटा नेला त्यांची नावं सांगा. एकट्यावर येऊ देऊ नका, मामा."

"दिल्याला वाटा माघारी मोजत न्हाईत, पावणं," केरबा म्हणाला.

कोठडी झाली, जामीन झाला, बंदूक गेली ती गेलीच. पुढच्या धुळवडीपासून पारध बंद झाली आणि गावानं बकरं आणलं. वाटे मात्र रीतीप्रमाणे चुलीमागेच घातले, फक्त केरबाची चूल सोडून. केस चालू आहे तोवर नको, आमचीही नावं निघतील, असा जोतीरामचा निरोप आला. भिणाऱ्या माणसावर रागावून काय करणार? तानाबाईनंही गिळलं.

केस दहा वर्षं रखडली. तेवढ्या काळात डुकरं अशी माजली की पोटरीतलं भात लोळवून जायची. मग लोकांनी बांधावर तारा ओढून त्यांत पाण्याच्या मोटारीची वीज सोडली. मेलेलं डुक्कर चुना टाकून पुरायचं आणि हात धुवायचे. इकडं शाळेच्या भिंतीवर बिबट्या आणि सांबर रंगवलं, खाली लिहिलं, 'वन्यप्राणी आपले सोबती'. त्याचा नारळ जोतीरामनं फोडला. तो आता गावच्या वन समितीचा अध्यक्ष होता आणि बाहेरून पाहुणे आले की जंगलावर भाषण ठोकायचा. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, ते आमच्या वाडीनं खरं करून दाखवलं.

साक्षीदारच नाही म्हणून शेवटी केरबा सुटला. एसटीतून उतरला तसा बायकोला म्हणाला, "आता येतोय बघ आपला वाटा." धुळवडीला तानाबाईनं सकाळीच पाट्यावर मसाला वाटला, पातेलं लखलखीत घासलं. केरबा ते घेऊन देवळापाशी गेला.

वाटे जोतीराम घालत होता. पातेलं बघून त्यानं सुरी खाली ठेवली.

"केरबा, मागं भीती हुती. आता भीती न्हाय, पर गावाचं नाव झालंय. शिकाऱ्याच्या घरात समितीच्या अध्यक्षाच्या हातचा वाटा गेला तर लोकं काय म्हणतील? समजून घे की."

आदल्याच दिवशी जोतीरामच्या तारेला चिकटून एक गाभणी डुकरीण मेली होती. तिला पुरायचा खड्डा काढायला त्यानं केरबालाच बोलावलं होतं आणि केरबा कुदळ घेऊन गेलाही होता. हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

"जोतीराम, माझी चूल पेटती का न्हाय, तेवढंच सांग," तो म्हणाला.

जोतीरामनं सुरी उचलली आणि पुढचा वाटा घातला. मृत्युंजयची बदली होऊन वर्षं झाली होती. त्याच्या खोलीत नवा गार्ड आला होता, आणि त्याच्या वाट्याचं मटण केळीच्या पानावर वेगळं काढलेलं होतं.

केरबा रिकामं पातेलं घेऊन घरी आला. तानाबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पातेल्यात पाणी ओतलं, सगळा मसाला त्यात टाकला आणि चुलीत लाकडं सारली.

"मटान न्हाय, मग ह्ये कशाला?" केरबानं विचारलं.

"वास तरी जाऊ दे गावात. आपली चूल पेटलीया म्हणून कळंल."

रस्सा चांगला रटरटला. आजूबाजूच्या घरांत तेव्हा जेवणं चालली होती. वास सगळ्यांना आला. कुणाचा हात थांबला नाही.