तेहतीस अंश

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. काचेची नळी, आत लाल रेघ आणि अंगावर पितळी म्यान. कारखान्यात मला आधी बर्फात बुडवलं, मग उकळत्या पाण्यात. तेव्हापासून मला कशाचं फारसं काही वाटत नाही. जे असेल ते दाखवायचं, एवढंच येतं.

एका बेकरीत मी कामाला लागलो. पीठ मळायची खोली आणि भट्टी यांच्या मधल्या भिंतीवर एका खिळ्याला माझी जागा होती. कणकेत खुपसल्यावर रेघ बरोबर दिसली की मळणारे म्हणायचे, "शाबास रे गड्या!" त्यांच्या खोलीला खिडकी होती. त्यांची ऐट तर विचारूच नका.

त्यांच्या मुकादम होत्या मावशी. एके दिवशी भट्टीवाल्याची थोरली लेक त्यांच्यापुढे उभी राहिली. धगीने वडिलांचे डोळे अधू झाले होते, आता घर तिच्यावर होतं.

"मावशी, मला मळायला घ्या."

"अगं, तुम्हा भट्टीवाल्यांचे हात जन्मतःच गरम. पीठ आंबून जाईल. तुझा दोष नाही, रक्तच तसं."

"भट्टीपाशी उभ्या राहिलात तर तुमचेही तापतील. मोजून बघा की!"

तिने मला मुठीत धरलं. तेहतीस अंश. मग मावशींच्या मुठीत दिलं. चौतीस.

"बिघडलाय हा," मावशी म्हणाल्या आणि मला खणात टाकलं.

मालकाला माणसं कमी पडत होती, म्हणून थोरलीला काम मिळालं. मला मात्र अंधार, सुतळी आणि गंजक्या चाव्या मिळाल्या. वाईट वाटलं, कबूल करतो.

वर्षं गेली. मावशी थकून घरी बसल्या, थोरली मुकादम झाली. तिचे हात म्हणे जात्याच थंड. तसं तीच सगळ्यांना सांगते.

परवा पाव पोचवणाऱ्या गाडीवाल्याची सून काम मागायला आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात दोन लेकरं. थोरली अगदी मायेने म्हणाली, "बाई गं, तुम्ही गाडीवाले उन्हातले. तुमचं रक्तच तापलेलं. पीठ टिकायचं नाही."

"अहो ताई, मी सून त्यांची! त्यांचं रक्त माझ्यात कुठून येणार?"

"एका घरात राहून येतं."

बोलता बोलता थोरलीने सुतळीसाठी खण उघडला. सुनेने मला पाहिलं आणि उचललं.

"याने मोजू या का?"

थोरलीने मला ओळखलं. तिची नजर क्षणभर अडखळली.

"ठेव तो. बिघडलेला आहे."

खण बंद झाला. सून आल्या पावली परत गेली.

मित्रांनो, माझी काच अजून शाबूत आहे, रेघही नीट चढते. मला पुसून पुन्हा खिळ्यावर टांगा, एवढंच मागणं. आणि कुणाच्या रक्ताबद्दल बोलण्याआधी मला एकदा मुठीत धरा. आधी स्वतःच्या.