एका वायरीवर चार खोल्या

बेबीचं वय बावन्न, पण घरात तिला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. दीड वर्षापूर्वी आई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला आणि तेव्हापासून तिनं अंथरूण धरलं. बेबी नोकरी सोडून तिच्यापाशी राहिली. दादा परगावी. त्याचा फोन दर रविवारी यायचा आणि प्रत्येक फोनमध्ये चार सल्ले असायचे.

त्या रविवारी मात्र तो म्हणाला, "डिशचं काम करून घेतोय. बुधवारी माणूस येईल. आईला टीव्ही नीट दिसेल. भिंती फोडायला लागत नाहीत, एकाच वायरीत सगळं होतं."

बेबीला बरं वाटलं. दीड वर्षांत पहिल्यांदाच तो सल्ल्याऐवजी काहीतरी पाठवत होता, हेही नसे थोडके.

बुधवारी सकाळी डिशवाला आला. पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, तोंडाला टाळं म्हणून नाही. गच्चीवरची जुनी डिश गंजली होती, पण धड होती. त्यानं डिशच्या पुढ्यातली, सिग्नल पकडणारी डबी बदलली, दिशा जुळवली आणि एकच काळी वायर जिन्याच्या कडेकडेनं खाली आणली.

"पूर्वी प्रत्येक टीव्हीसाठी डिशपासून वेगळी वायर ओढायला लागायची, ताई," तो शिडीवरून म्हणाला. "घराचं नुसतं जाळं व्हायचं. आता एक वायर, खाली तिला फाटे, आणि प्रत्येक सेट टॉप बॉक्सला आपापला नंबर. दोघांना चुकून एकच नंबर दिला, तर दोघं भांडत बसतात आणि चित्र कुणालाच धड दिसत नाही."

"पण आमच्याकडे टीव्ही एकच आहे."

"साहेबांनी बॉक्स चार सांगितलेत." त्यानं खिशातून कागद काढला, चष्मा चढवला. "एक नंबर, पुढची खोली. दोन, वरची. तीन, मागची. चार, जिन्याजवळची. टीव्ही काय, भाडेकरू आपापले आणतील."

"भाडेकरू?"

"हो. मागची खोली पंधरा तारखेला रिकामी होणार म्हणाले. आत्ता तिथं पेशंट आहेत, तेव्हा ठोकाठोक जपून करा, असंही म्हणाले. काळजी घेणारा माणूस दिसतोय."

मागच्या खोलीत आई होती. जिन्याजवळची खोली बेबीची होती.

बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याच्या हातातून कागद ओढून घेतला आणि तिथंच, बोळात उभ्या उभ्या, दादाला फोन लावला.

"पंधरा तारखेला आई कुठं जाणार आहे?"

"अगं, सांगणारच होतो. फार चांगलं ठिकाण आहे. चोवीस तास नर्स, डॉक्टर..."

"डिशवाल्याला माहीत आणि मला नाही? दोन दिवसांनी दूधवाल्यानं सांगितलं असतं!"

"ओरडू नकोस. घराच्या भाड्यातून तिथला खर्च निघेल. तूही मोकळी होशील. आणि तूच म्हणाली होतीस ना, आता झेपत नाही म्हणून?"

म्हणाली होती. एका सकाळी तिसऱ्यांदा चादर बदलताना पाठीत उसण भरली, तेव्हा रडत रडत म्हणाली होती.

"मला झेपत नाही, आठ दिवस येऊन राहा, असं म्हणाले होते मी! मी मदत मागितली रे तुझ्याकडे. आणि तू आईलाच उचलून टाकायला निघालास!"

"फोन इकडे आण," आतून आईचा आवाज आला.

बेबीनं फोन नेऊन तिच्या हातात दिला.

"घर कुणाच्या नावावर आहे?" आईनं विचारलं.

"आई, तू त्रास करून घेऊ नकोस."

"विचारलं तेवढं सांग."

"तुझ्या."

"मग भाडेकरू ठेवायचे की नाही, ते मी बघीन. माझा खुबा मोडलाय, डोकं नाही." तिनं फोन बंद करून पालथा घातला. मग मान वळवून म्हणाली, "आणि तू! झेपत नाही, हे त्याला सांगितलंस. मी काय मेले होते?"

"तुला सांगून तू उठून बसणार होतीस?" बेबीच्या तोंडून निघून गेलं. जीभ चावावी असं वाटलं, पण आता थांबता येईना. "दीड वर्षात मी एकदा सलग झोपलेले नाही. कधी विचारलंस? त्याचा फोन आला की तुझा आवाज मधासारखा! जेवलास का, दमलास का. माझ्या वाट्याला नुसतं, उशी नीट लाव!"

आईनं नजर खाली घेतली नाही.

दारात डिशवाला चुळबुळत उभा होता. "मी मग नंतर येऊ का?"

"थांबा!" दोघी एकदमच ओरडल्या.

आईनं बेबीच्या हातातला कागद मागून घेतला आणि वाचला. मग म्हणाली, "एक बॉक्स इथं लावा, एक वरच्या खोलीत. वरची खोली मी भाड्यानं देणार आणि त्या पैशांत दिवसभराची बाई ठेवणार. बाकीचे दोन परत न्या."

"पण साहेब म्हणाले..."

"साहेब माझ्याच पोटचा आहे. त्याचं मी बघते."

शनिवारी दादा स्वतः आला. यायच्या आधीच चिडलेला. "मी वाईट, तुम्ही तेवढ्या शहाण्या," असं त्यानं दारातच सुनावलं. आईनं वाद घातला नाही. "आजचा दिवस माझं सगळं तू कर," एवढंच म्हणाली. त्यानं केलं. आईला कुशीवर वळवताना तो दोनदा चुकला आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. संध्याकाळी कंबर धरून गाडीत बसला. चुकलो असं काही म्हणाला नाही, पण पंधरा तारखेचा विषयही पुन्हा काढला नाही.

पुढच्या महिन्यात वर भाडेकरू आले आणि खाली कामाची बाई. आई आणि बेबी अजून कामापुरतंच बोलत होत्या. बाई येऊ लागल्याच्या तिसऱ्या दिवशी बेबी जुन्या ऑफिसात जाऊन आली. अर्ध्या दिवसाचं काम मिळत होतं, सोमवारपासून. दादाला तिनं कळवलं नाही. रविवारी त्याचा फोन आला, तेव्हा हॅलोसुद्धा न म्हणता तिनं तो आईच्या हातात दिला, चपला घातल्या आणि नुसतीच फिरायला बाहेर पडली.