शिळेवर नसलेली ओळ

माघात उसाची तोड संपली की आमच्या शिवारात पाचट पेटवतात. धुराचे करडे पडदे कृष्णाकाठावरून संथपणे सरकत गावात शिरतात आणि मावळतीचा प्रकाश गढूळ, तांबूस होऊन भिंतींवर साकळतो. त्या दिवसांत हौसाआत्या दारे-खिडक्या लावून घेई आणि पदराचे टोक नाकाशी धरून भिंतीला टेकून बसे. लहानपणी आम्हांला वाटे, तिला दमा आहे.

दमा नव्हता. ती सात वर्षांची असताना दिल्लीत महात्म्याची हत्या झाली आणि मारेकऱ्याच्या जातीची म्हणून आमच्या गावातली ब्राह्मणांची घरे जाळली गेली. तिची मैत्रीण कुसुम त्यांतल्याच एका घरात राहायची. जमावात सर्वांत पुढे, हाती पलिता घेऊन, आत्याचे वडील होते. माझे आजोबा. इंग्रजांच्या तुरुंगातून सुटून आलेले, गावाने खांद्यावर मिरवलेले.

आत्याने हे वर्षानुवर्षे कुणाला सांगितले नाही. विधवा होऊन ती माहेरी परतली, शेतात राबली, आजोबांचे शेवटचे आजारपण तिनेच काढले. त्यांना ती मायेने भरवी. नजर मात्र दूर, कुठल्याशा जळत्या आढ्यावर थिजलेली असे.

गेल्या साली गावाने एस.टी.च्या थांब्यापाशी स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांची शिळा उभारायचे ठरवले. पहिले नाव आजोबांचे. माझा चुलतभाऊ सुरेशदादा, फौजेतून निवृत्त झालेला, अनावरणाला तिला बोलवायला आला.

"येती की," आत्या म्हणाली. "पर त्याच दगडावर जळल्याल्या घरांचंबी लिवा. कुनी जाळली त्येबी."

दादा हबकला. "आवं आत्या, आपल्याच आज्याचं नाव घालवताय व्हय?"

"माझा बाप हाय त्यो. जेलात ग्येला त्ये खरं, आन् घर पेटवलं त्येबी खरं. एकाच हातानं क्येलं रं. अर्धाच हात दगडावर कसा लावतूस?"

ग्रामसभेतही ती उभी राहून हेच बोलली. कुणी ओरडले नाही, कुणी नाकारलेही नाही. माणसे मोबाइलकडे, छताकडे, पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिली आणि थोड्या वेळाने सरपंचांनी गटारीचा विषय घेतला. देशही बहुधा असाच स्मरत असावा, असे मला तेव्हा वाटले. मिरवता येईल तेवढे कोरायचे आणि उरलेल्यासमोर दमून मान खाली घालायची.

"मला कुसुमकडं न्ये," आत्या मला म्हणाली. कुसुमताई सांगलीला मुलाकडे असतात, हे गावात सर्वांना ठाऊक होते; भेटायला मात्र कधी कुणी गेले नव्हते.

कुसुमताई खिडकीपाशी बसल्या होत्या. हिवाळी उन्हाची एक फिकट पट्टी त्यांच्या पावलांवर पडली होती. दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. दोन चेहऱ्यांवरच्या सुरकुत्यांतून दोन मुली हळूहळू वर येत होत्या.

"कुसे," आत्या म्हणाली, "माझा बाप म्होरं हुता."

"माहीत आहे मला. दारातून पाहिलं होतं." कुसुमताईंचा स्वर सपाट होता. "त्यांच्या मागं तू होतीस. रडत होतीस."

आत्याने विचारले, "दगडावर लिवाया लावू?"

"माझ्यासाठी नको गं. नातवंडांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांच्या मनात त्या गावाचा राग नको. पण तुमच्या लोकांना तुम्हीच सांगायला हवं ना, हौसे? ते आम्ही कशाला सांगायचं? मी दमले आता."



शिळा उभी राहिली, त्या ओळीविनाच. अनावरणाला आत्या गेली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दुपार कलली की ती थांब्याच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागली. गाडीची वाट पाहणारे कुणी ती नावे वाचू लागले की ती शांतपणे म्हणे, "पयला हाय न्हवं, त्यो माझा बाप. लय धाडसी हुता. आन् हितनं चौथं घर त्यानंच जाळलं." कुणी चपापे, कुणी सरकून बसे, कुणी विचारी, "मग त्या लोकांचं काय झालं?" पुष्कळदा उत्तर अर्धे असतानाच गाडी येई. ती खिडक्यांकडे बघत राही, त्यांना ऐकू गेले की नाही ते न कळून. सुरेशदादाने बोलणे सोडले. घरी येणारी-जाणारी माणसे विरळ झाली. तिचा आवाजही चढत्या उन्हासारखा दिवसेंदिवस कोरडा होत गेला, पण तिने बसणे सोडले नाही.

आषाढात ती गेली.

परवा मी त्या थांब्यावर उभी होते. खांद्यावर बाळ झोपलेली एक तरुणी शिळेवरची नावे वाचत होती. मी म्हणाले, "पहिलं नाव माझ्या आजोबांचं." ती कौतुकाने हसली. पुढचे वाक्य मी मनाशी जुळवत होते, तेवढ्यात उंब्रजची गाडी आली आणि ती घाईने चढून गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच होते. शिळा पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. तिला जे आठवत नाही ते आठवत राहायला मात्र शेजारी एखादे माणूस बसावे लागते, आणि माणसे उठून जातात.